निमाणी बस आणि चव्वेचाळिसाव्या वर्षीचं लायसन्स

“निमाणी गेली गे बाय.”

म्हार्दोळच्या नाक्यावरचा दुकानदार अर्धं शटर खाली ओढून मला सांगत होता. निमाणी म्हणजे शेवटची. तारीख २७ मार्च २०२४, रात्रीचे आठ वाजून दहा मिनिटं. मी पणजीत एका सी.ए.च्या ऑफिसात काम करते, त्यामुळे मार्चअखेर आली की घरी जायची वेळ आपल्या हातात राहत नाही. पणजीहून फोंड्याची बस मिळाली होती, पण ती हमरस्त्यावर म्हार्दोळपर्यंतच माझ्या कामाची. पुढे सावईवेऱ्याच्या बाजूला आमच्या वाड्यावर जायचं तर गावची बस हवी, आणि ती पावणेआठलाच सुटली होती. नाक्यावर एरवी दोन-तीन पायलट उभे असतात. (गोव्याबाहेरच्यांसाठी: पायलट म्हणजे पिवळ्या मडगार्डची भाड्याची मोटरसायकल.) शिगम्याचे दिवस, एकही नव्हता.

नवरा वेर्ण्याच्या कारखान्यात, दुसऱ्या पाळीला. मुलगी दहावीची, परीक्षा तोंडावर. मी म्हाळसेच्या देवळाकडे तोंड करून पाऊण तास उभी राहिले. शेवटी वाड्यावरच्या एका मुलाला फोन केला, तो स्कूटर घेऊन आला. घरी पोचल्यावर अंगणात शिरताना पहिली दिसली ती आमची गाडी. छपराखाली, ताडपत्री ओढून. नवऱ्याला न्यायला-आणायला कंपनीची बस येते, त्यामुळे गाडी आठवड्यातले पाच दिवस तिथेच असते. घरात गाडी, आणि मी नाक्यावर.

गाडी शिकले का नाही, याला तसं मोठं कारण नाही. १९९९ साली मैत्रिणीच्या स्कूटरवर मागे बसून जाताना कुंडईजवळ आम्ही दोघी आडव्या झालो होतो. गुडघा फुटला, तेवढंच. पण ‘मला नाही जमायचं’ म्हणायला ते पुरलं, ते थेट पंचवीस वर्षं. आणि बसची सवयही होती. २००५ पासून मी ह्याच वाटेने पणजीला जाते. बस रायबंदरच्या अंगाने जाणार की कदंब पठारावरून, हे पाटीवर लिहिलेलं नसतं, कंडक्टरला विचारावं लागतं. रायबंदरवरून गेली तर वेळ जास्त, पण १६३३-३४ साली पोर्तुगीजांनी बांधलेल्या त्या लांबलचक बांधावरून जाताना दोन्ही बाजूंना पाणी आणि मिठागरं दिसतात. उशीर झालेला नसेल तर मी मुद्दाम तीच पकडायची. मडगाव, म्हापसा, वास्कोला कदंबाची (म्हणजे गोव्याच्या सरकारी एस.टी.ची) शटल असते, खिडकीवर आधी तिकीट काढायचं, मग मध्ये कुठे थांबत नाही. आमच्यासारख्या मधल्या थांब्यांवरच्या माणसांना तिचा उपयोग शून्य. पास का काढला नाहीस, असं पुष्कळजण विचारतात. कदंबाचा पास काढला की कदंबाचीच वाट बघावी लागणार. मी मात्र जी पहिली येईल तिच्यात चढणारी.

गाडी शिकायचं ठरवलं मार्चमध्ये, हात लावला जूनमध्ये. २४ जूनला, सांजांवच्या (सेंट जॉनच्या सणाच्या) संध्याकाळी, मुलीला शेजारी बसवून ‘सारथी’ संकेतस्थळ उघडलं. राज्य, कार्यालय, आधार, फोटो, सही. फोटो ठरावीक आकारातच लागतो, नाहीतर चढत नाही. मुलीने तो मोबाइलवरच कापून लहान केला. आमच्या वाड्यावर पावसात नेट येतं-जातं, म्हणून तीनदा पहिल्यापासून भरावं लागलं. तेव्हा अर्ज क्रमांक आला की आधी कागदावर लिहून ठेवा, मग पुढचं पान उघडा. वाहनाच्या प्रकारात मी फक्त चारचाकी निवडली. नवरा म्हणाला, दुचाकी पण घाल, दीडशे रुपयेच जास्त. घातली नाही. गुडघा आठवला.

चाळिशीच्या आतल्यांना तब्येतीचं स्वतःच लिहून द्यायचं असतं. चाळिशी उलटलेल्यांना मात्र डॉक्टरांच्या सहीचा ‘नमुना १-अ’ लागतो, हे मला त्या संध्याकाळी कळलं. दुसऱ्या दिवशी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी भिंतीवरचा तक्ता वाचायला लावला आणि खालच्या दोन ओळींवर मी अडकले. म्हणजे इतकी वर्षं बसची पाटी वाचताना डोळे बारीक करत होते ते उगाच नव्हतं. लांबचा नंबर निघाला. चष्म्याचे २४०० रुपये, प्रमाणपत्राचे २००, आणि चष्मा येईपर्यंत पाच दिवस. कुणी माझ्या वयाचं हे करणार असेल तर डोळे आधी तपासून घ्या, अर्ज मागाहून भरा. सरकारी फी त्यामानाने किरकोळ होती: लर्निंगचे दीडशे आणि परीक्षेचे पन्नास.

८ जुलै, सोमवार, लर्निंगची परीक्षा. बाहेर धो धो पाऊस, आत ओल्या छत्र्यांचा ढीग, आणि रांगेत सगळी अठरा-एकोणीस वर्षांची मुलं. एकाने मला विचारलं, “मावशी, चली खंय आसा?” मुलीला घेऊन आलेय असं वाटलं त्याला. संगणकावर प्रश्न येतात, बरीचशी खुणांची चित्रं. एक प्रश्न असा होता: चढाच्या अरुंद रस्त्यावर समोरासमोर दोन गाड्या आल्या तर वाट कोणी द्यायची? पुस्तकात बघण्याची गरजच पडली नाही. आमच्या गावच्या रस्त्यावर उतरणीची गाडी थांबते आणि चढणारी बस आधी जाते, हे मी रोज खिडकीतून बघत आलेय. थांबलेली चढावर पुन्हा काढणं किती अवघड असतं, ते मात्र मला पुढे कळायचं होतं.

पास झाले. लर्निंग सहा महिने चालतं, पण पहिले तीस दिवस पक्क्या लायसन्सची चाचणी देता येत नाही. ते तीस दिवस शिकण्यासाठी असतात. आमच्या ऑफिसात ते प्राप्तिकराची विवरणपत्रं भरण्यासाठी असतात, कारण ३१ जुलै.

ड्रायव्हिंग स्कूलने साडेसात हजार घेतले, अर्ध्या-अर्ध्या तासाचे वीस धडे. मी सकाळी साडेसहाची वेळ घेतली. मास्तर साठीचे, आधी ट्रकवर होते, आणि आवाज न चढवता बोलणारे. “बाये, ल्हव ल्हव. क्लच पुराय सोडूं नाका.” (हळूहळू, क्लच पूर्ण सोडू नका.) त्यांच्या पायाशीही एक ब्रेक आणि एक क्लच होता, हे कळल्यावर माझी भीती निम्मी झाली. पहिले चार दिवस बांदोड्याच्या आतल्या रस्त्यांवर, मग फर्मागुडीचा चढ, मग फोंड्याचा वरचा बाजार. वरच्या बाजारात मासळीवाली, शाळेची मुलं, मध्येच थांबलेला टेम्पो आणि काचेवर पाऊस. वायपर कुठला आणि इंडिकेटर कुठला यात माझा दर वेळी घोळ. वळायच्या आधी मी पाणी उडवायची. जुलैअखेरच्या घाईत सहा धडे बुडाले. स्कूलने ते पुढे ढकलून दिले, पण हे पैसे भरतानाच विचारून घ्यावं.

त्या दिवसांत बसमध्ये बसून जाताना माझं लक्ष खिडकीबाहेर राहिनासं झालं. ड्रायव्हरच्या डाव्या पायाकडे बघत बसायची. खाजगी बसवाले फोंड्यात नाक्या-नाक्यावर रेंगाळतात, मागच्या बसची वेळ झाली की हाणतात, हे आपण सगळे शिव्या देत बघतो. पण थांब्यावर बस कडेला न घेता रस्त्यातच का उभी करतात, ते मला शिकाऊ गाडीत बसल्यावर दिसलं. थांब्याच्या जागी मोटारी लावलेल्या असतात. त्यांच्या मागून बस आत घेतली तर पुन्हा बाहेर कोण काढू देणार? पुढच्या आठवड्यात मीच मास्तरांना “जरा पाणी घेऊया” म्हणत गाडी नेमकी थांब्यावर उभी केली होती. मास्तर काही बोलले नाहीत. मागून बसने हॉर्न मारला.

२८ ऑगस्टची तारीख मिळाली. चाचणीचे तीनशे आणि लायसन्सचे दोनशे, मिळून पाचशे. स्कूलचीच गाडी चाचणीला वापरता येते, त्यासाठी त्यांनी वेगळे पाचशे घेतले. उलटी गाडी नीट गेली, वळणं नीट गेली. मग चढ. अधिकाऱ्यांनी मध्यावर थांबवायला सांगितली आणि म्हणाले, काढा. ब्रेकवरचा पाय उचलला आणि ॲक्सिलरेटरवर जाईपर्यंत गाडी मागे सरकली. फार नाही, हातभर. मी घाबरून ब्रेक दाबला, इंजीन बंद पडलं. “फाटीं गेली,” एवढंच म्हणून त्यांनी कागदावर खूण केली. ते काही वाईट वागले नाहीत. उतरल्यावर नियमही समजावला: सात दिवसांनंतर पुन्हा देता येते, तीनदा नापास झालात तर मग साठ दिवस थांबावं लागतं. फेरचाचणीचे पुन्हा तीनशे.

मी तिथून तशीच बस धरून पणजीला ऑफिसात गेले. डोळे भरून येत होते आणि गर्दीत कंडक्टर नेहमीसारखा ओरडत होता, “फुडें वचात, जागो आसा.” जागा नव्हतीच. चव्वेचाळीस वर्षांच्या बाईने हातभर मागे गेलेल्या गाडीसाठी रडावं, याचं मला तेव्हाही हसू येत होतं. ऑफिसात मी सांगितलं की तारीख पुढे गेली. खरं कुणालाच सांगितलं नाही, आता इथे सांगतेय.

७ सप्टेंबरला चवथ. आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती, माटोळी, पाहुणे. त्यातच मी सरावाला बसले आपल्याच गाडीत. पुढे-मागे लाल ‘एल’ लावला आणि शेजारी लायसन्सवाला नवरा. नवऱ्याकडून गाडी शिकू नये, हा माझा ठाम सल्ला आहे. ते ओरडले नाहीत. दाराचं हँडल धरून, डोळे मिटून बसायचे, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट. तिसऱ्या दिवशी मी त्यांना मागच्या सीटवर बसायला सांगणार होते, पण ते नियमात बसत नाही. चढाचं कोडं शेवटी मास्तरांनीच फोनवर सोडवलं. हँडब्रेक ओढायचा. क्लच हळूहळू सोडत आणायचा, गाडीचं नाक जरासं वर उठतं आणि इंजिनाचा आवाज जड होतो, तिथेच पाय धरायचा. थोडा ॲक्सिलरेटर. मग हँडब्रेक खाली. आमच्या वाड्याची वाट चिऱ्यांच्या दोन गडग्यांमधून चढते. त्या एका चढावर मी पाहुण्यांच्या देखत चाळीसेक वेळा गाडी थांबवली आणि काढली. आरतीला आलेली पोरं गडग्यावर बसून मोजत होती.

१८ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, पुन्हा तेच मैदान, तोच चढ. गाडी मागे गेली नाही. अधिकारी वेगळे होते, त्यांनी मान हलवली आणि पुढच्याला बोलावलं. कार्ड हातात यायला आणखी दोन आठवडे लागले. त्याआधीच ते डिजिलॉकरमध्ये दिसू लागलं होतं, आणि पोलिसांना तेही चालतं, त्यामुळे कार्डासाठी खोळंबून राहायचं कारण नाही.

एजंट धरला होतास का, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला गेला. नाही. चाचणीची तारीख स्कूलने घेऊन दिली, बाकी अर्ज घरी भरला. एकूण खर्च चष्मा, डॉक्टर, स्कूल, दोन चाचण्या धरून साडेअकरा हजारांच्या वर गेला. त्यात सरकारचा वाटा हजार रुपयेच.

२ ऑक्टोबरच्या सुट्टीला एकटीने म्हार्दोळपर्यंत जाऊन आले. १४ तारखेला, सोमवारी, पहिल्यांदा पणजी. भोमात हमरस्ता घरांना आणि देवळांना अगदी खेटून जातो (चौपदरीकरणाला गावाचा विरोध का, ते तिथून स्वतः गाडी चालवत गेल्याशिवाय कळत नाही), तिथे समोरून ट्रक आला की मी श्वास धरायची. बाणस्तारीचा पूल, जुनं गोवें, कदंब पठार, सगळं ठीक. आणि पणजीच्या तोंडाशी मी चुकीच्या बाजूला राहिले. बस पाटोच्या स्टँडकडे खालून जाते, एवढंच मला ठाऊक. वर चढणारा रस्ता कुठे जातो ते एकोणीस वर्षांत कधी बघितलंच नव्हतं. गाडी सरळ अटल सेतूवर चढली. २०१९ साली खुला झालेला, पाच किलोमीटरचा, मध्ये तारांनी तोललेला मांडवीवरचा पूल. मध्ये कुठे उतरता येत नाही. उजव्या-डाव्या हाताला सगळी पणजी खाली दिसत होती, माझं ऑफिससुद्धा तिथेच कुठेतरी, आणि मी पर्वरीला निघाले होते. पर्वरीला वळून खालच्या पुलावरून परत आले. ऑफिसात पस्तीस मिनिटं उशीर. साहेबांना सांगितलं, बस चुकली.

३० ऑक्टोबरच्या, नरकासुराच्या रात्री मात्र चूक झाली. काम आटपून नऊला निघाले, तर म्हार्दोळच्या आधीच रस्त्यावर नरकासुराचे पुतळे उभे, डीजे, पोरं नाचताहेत. दीड तास पहिल्या गिअरवर. त्या रात्री रस्त्यावर गाडी नकोच, बस तर नकोच. घरीच राहावं.

गाडीने पणजीला जाण्याचा हिशेब मी नोव्हेंबरभर वहीत लिहिला, ऑफिसची सवय. घरापासून जाऊन-येऊन साठ किलोमीटर. आमची गाडी लिटरला सोळा देते, आणि पेट्रोल शंभराच्या जवळपास, म्हणजे दिवसाला साडेतीनशेच्या वर. बसला दोन्ही टप्पे मिळून शंभराच्या आत. वेळ गाडीला पंचावन्न मिनिटं, बसला सव्वा तास ते दीड. पण पणजीतल्या ‘अठरा जून’ नावाच्या रस्त्यावर साडेआठनंतर गाडी लावायला जागा मिळेल ही आशा सोडा. पाटोवर बहुमजली पार्किंग आहे, तिथे लावून चालत यायचं तर पंधरा मिनिटं. म्हणजे वाचवलेल्या वीस मिनिटांतली पंधरा त्यातच गेली. उरली पाच.

आणि मग २० नोव्हेंबरपासून पणजीत चित्रपट महोत्सव, २१ पासून जुन्या गोव्यात सायबाच्या (सेंट फ्रान्सिस झेवियरच्या) अवशेषांचं प्रदर्शन, ते थेट ५ जानेवारीपर्यंत. दहा वर्षांनी येणारा सोहळा. माणसं लोटली होती, वाहतूक वळवलेली. २८ नोव्हेंबरला मला घरून ऑफिसात पोचायला एक तास पन्नास मिनिटं लागली. माझ्याच शेजारच्या रांगेत फोंडा-पणजी बस उभी होती. खिडकीशी माझी रोजची सोबतीण डोकं टेकून गाढ झोपलेली. मी क्लच दाबत होते, डावा गुडघा ठणकत होता, तोच १९९९ चा.

डिसेंबरपासून मी गाडी म्हार्दोळपर्यंतच नेते. मावसबहिणीच्या अंगणात लावते, नाक्यावर येऊन पणजीची बस धरते, बहुतेकदा झोपते. संध्याकाळी उशीर झाला तरी हमरस्त्याला आठ-साडेआठपर्यंत बस असते; अडचण नेहमी पुढच्या त्या पंधरा-वीस मिनिटांच्या वाटेची होती, आणि ती आता मिटलीय. पेट्रोल दिवसाला शंभरापेक्षा थोडं जास्त, बसचं भाडं वेगळं. जे कुणी फक्त निमाण्या बसच्या धाकाने रोज गाडी पणजीत नेताहेत त्यांनी हे करून बघावं: गाडी जिथे बस नाही तेवढ्यापुरतीच. गाडी लावायला हक्काची जागा मात्र हवी, हमरस्त्याच्या कडेला ठेवू नये. मावसबहीण पैसे घेत नाही. सोमवार सोडून एखाद्या दिवशी मी तिला पणजीच्या बाजारातून सुंगटं (कोळंबी) आणते.

एक राहिलं. परवा नवऱ्याची पहिली पाळी होती आणि त्यांचा पाय मुरगळलेला. पहाटे म्हणाले, “कंपनीच्या बसपर्यंत सोडशील?” सोडलं. वाटेत त्यांनी दाराचं हँडल धरलं नाही. परत आल्यावर अंगणात गाडी उलटी घेताना मागचा बंपर तुळशीच्या पेडीला लागला. पेडीला काही झालं नाही, गाडीला रंगाचे अठराशे सांगितलेत. त्यांना अजून दाखवलेलं नाही, ताडपत्री ओढून ठेवलीय.